कागदावरचा वाढदिवस

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. औषधांच्या दुकानात उभी राहणारी बाई संशयी नसेल तर तिने दुकान बंद करून पापड लाटायला घ्यावेत. रत्नागिरीत रामआळीच्या तोंडाशी माझं दुकान आहे. गिऱ्हाईक काय मागतंय याच्यापेक्षा मागताना कुठे बघतंय, याकडे माझं लक्ष जास्त. खोकल्याच्या औषधाची बाटली मागणारा माणूस खोकत नसेल, आणि परवाच एक घेऊन गेलेला असेल, तर मी विचारते, "चिठ्ठी कुठाय?" चिठ्ठी नसतेच. मग सुरू होतं, मावशी एकच द्या, घरी पेशंट आहे, डॉक्टर गावाला गेलेत. मी देत नाही. शिव्या दिल्या तरी देत नाही. समोरच्या दुकानात मिळेल म्हणाला, तर तो रस्ता ओलांडायच्या आत मी समोरच्याला फोन करते. आम्ही दोघं धंद्यात एकमेकांचे वैरी, पण या एका बाबतीत आमचं जमतं.

अशा बाईच्या स्वतःच्या घरात जे चाललं होतं, ते तिला कळायला वर्ष जायला आलं. संशय मी घेतला नव्हता असं नाही. भरपूर घेतला. फक्त चुकीचा घेतला.

आमचे हे बोटीवर होते. मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चढले आणि सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन उतरले. वर्षातले बरेच महिने समुद्रात, उरलेले घरी, असा आमचा संसार. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली, आणि मग यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि हे कायमचे घरी आले. ज्या माणसाच्या एका हाकेवर डेकवरची पोरं पळायची, त्याने आता दिवसभर करायचं काय? पहिले काही महिने यांनी घरातली प्रत्येक वस्तू दोरीने बांधली. गॅसचा सिलिंडर बांधला, पाण्याचं पिंप बांधलं, तुळशीची कुंडीसुद्धा कठड्याला बांधली. मी म्हटलं, "अहो, घर डोलत नाही." ते म्हणाले, "सवय." नंतर दोऱ्या संपल्या आणि हे मोबाईल घेऊन मागच्या पडवीत बसायला लागले.

मला आधी बरंच वाटलं. माणूस कशात तरी रमला. दुकानातून मला यायला उशीर झाला की पूर्वी कुरकुर असायची, आमटी निवली, मासे जास्त तळले. ती कुरकुर बंद झाली. बायकांनो, नवरा तक्रार करायचा थांबला की सावध व्हा. तेव्हा मी झाले नाही.

एकदा दुकानात वीज गेली म्हणून मी दुपारच्या आधीच घरी आले. पडवीतून यांचा आवाज येत होता. "हो, जेवलो की. तू जेवलीस का?" आणि मग हसले. माझ्या मनात पाल चुकचुकली. या माणसाने मला जन्मात कधी जेवलीस का विचारलं नव्हतं. बोटीवरून फोन यायचा तेव्हासुद्धा पहिला प्रश्न असायचा, विहिरीचा पंप चालतो ना.

"कोणाचा फोन होता?"

"कंपनीचा."

"कुठल्या कंपनीचा?"

"आहे एक," असं म्हणून हे गुडघा चोळायला लागले. गुडघा दुखत नसताना चोळला की मला कळतं. रोज गुडघेवाली माणसं बघते मी.

त्यानंतर मी यांच्यावर नजर ठेवली. फोन साधारण मी दुकान उघडून बसल्यावर येतो, एवढं माझ्या लक्षात आलं. त्यासाठी मी विसरलेली पिशवी न्यायला घरी आले, विसरलेला चष्मा न्यायला आले, एकदा तर काही न विसरताच आले. आले की हे फोन ठेवायचे. फोनला कुलूप होतं, अंगठा लावायचं. झोपलेल्या माणसाचा अंगठा लावून फोन उघडतात असं मी ऐकलं होतं, पण यांना बोटीची झोप, दारात मांजर आलं तरी जाग यायची.

मग केक आला. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या सुमारास, एक माणूस स्कूटरवरून भलामोठा खोका घेऊन आला. आत केक, त्यावर यांचं नाव, आणि सोबत सोनेरी कार्ड. "आमच्या खास काकांना वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा." खाली सही नाही. मी यांच्या तोंडाकडे बघितलं. ते आधी गोंधळले आणि मग चक्क लाजले.

आता यात गंमत अशी की हे जन्मले शिमग्यात. सासूबाई सांगायच्या, पालखी दारात उभी होती आणि आत माझ्या पोटात कळा. पण शाळेत घालताना गुरुजींनी आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांना जूनचीच तारीख दिली, म्हणजे वय बरोबर बसतं. तीच तारीख पुढे सगळ्या कागदांवर चढली. आमच्या घरात त्या दिवशी कोणी कधी औक्षण केलेलं नाही. म्हणजे केक पाठवणाऱ्या बाईला यांचा वाढदिवस माहीत नव्हता, यांचे कागद माहीत होते. इथपर्यंत माझं डोकं बरोबर चाललं. पुढे घसरलं. मी विचार केला, यांचे कागद कोण बघतं? बँकेतली एक मुलगी बघते, हे गेले की तीच फॉर्म भरून देते. डोळ्यांच्या दवाखान्यातली रिसेप्शनवाली बघते. आणि गुडघ्याचे व्यायाम घ्यायला घरी येणारी ती फिजिओ, ती तर दर खेपेला वय विचारते.

पहिला संशय मी फिजिओवर घेतला, कारण ती हाताशी होती. तिला चहा द्यायचा बंद केला. व्यायाम चालू असताना समोर मुगाची डाळ निवडत बसायला लागले. बिचारीने शेवटी स्वतःच्या लग्नाची पत्रिका आणून दिली, तरी मी पत्रिका उलटसुलट करून छापखाना खरा आहे का ते पाहिलं. केक मात्र आम्ही दोघांनी खाल्ला. चांगला होता, ते नाकारत नाही.

पाऊस सरला. पालीच्या पुढे आत यांच्या गावी आमची हापूसची बाग आहे. सासऱ्यांनी कातळ फोडून, बाहेरून माती आणून लावलेली कलमं. सातबारा यांच्या एकट्याच्या नावावर, पण मोहोर राखायला, फवारणी करून घ्यायला आणि पेट्या भरताना उभी राहायला वर्षानुवर्षं मीच, कारण हे समुद्रात. पावसाळ्यानंतर गवत काढायला माणसं सांगायची म्हणून मी एसटीने पालीला उतरले आणि रिक्षा करून बागेत गेले. गेटवर अनोळखी कुत्रा आणि त्याच्यामागे अनोळखी नेपाळी राखणदार.

"किधर जाना है?" त्याने मला विचारलं. मला! माझ्या बागेत!

"मेरा बाग है," मी म्हटलं.

"नहीं मॅडम. सेठ का बाग है."

तो उद्धट नव्हता. त्याने मला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि त्याच्या सेठला फोन लावून दिला. सेठ म्हणजे आंब्याचा व्यापारी, ओळखीचाच. तो म्हणाला, "वहिनी, साहेबांनी घरात सांगितलं नाही का? पुढच्या काही हंगामांसाठी बाग माझ्याकडे खंडाने आहे. पैसे कधीच पोचते केले मी." आणि मग, मी काही बोलत नाही म्हणताना, त्याने जास्तीचं सांगून टाकलं. "कायमची द्यायचीही बोलणी चालू आहेत. शिमग्यानंतर कागद करू म्हणालेत."

मी त्या कलमाखाली बसले ते उठवेना. आंबा दुसऱ्याला गेला याचं दुःख होतंच, पण शिमग्यानंतर जमीनही जाणार होती आणि नवरा माझ्यासमोर बसून रोज भात कालवत होता. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला माहीत होतं. आता कळलं की अख्खी विहीर मुरली. आणि माझ्या डोक्यात उत्तर तयारच होतं. ती बाई. केकवाली. ती बाग खाणार.

कोणी म्हणेल, सरळ नवऱ्याला विचारायचं. पण विचारलं की माणूस सावध होतो, हा माझा धंद्यातला अनुभव. मी तशीच पायी वाडीत गेले, माझ्या चुलत दिरांकडे. ते गावचे गावकर, देवळातलं गाऱ्हाणं तेच घालतात. त्यांना मी सगळं सांगितलं, केकपासून. ते विडी विझवून म्हणाले, "वैनी, कोरटात गेलात तर दहा वरसं. आदी देवीच्या कानार घालूया."

यांना मी सांगितलं की बागेला मोहोर चांगला यावा म्हणून गाऱ्हाणं आहे. हे निमूट आले. मोहोर कोणाचा ते दोघांनाही ठाऊक होतं, पण कोणी बोललं नाही. सकाळी देवळात वाडीतली माणसं जमली. दिरांनी नारळ हातात घेतला आणि सूर लावला.

"बा देवी म्हाराजा! ही तुजी लेकरां तुज्या पायाशी उभी हायेत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आमच्या दादाच्या घरात कोण परकी बाई शिरली आसंल, तिनं त्याचा मन फिरवला आसंल, तर तिची पावलां आल्या वाटेनं माघारी फिरव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी देवीकडे बघितलं. आणि मग यांनीही हात जोडून, सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा!" काय निगरगट्ट माणूस, असं माझ्या मनात आलं.

मग कौल लावला. आमच्याकडे देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने विचारलं, या घरात परकी बाई आहे का. डावी पडली.

"परत लावा," मी म्हटलं.

गुरवाने डोळे वटारले. दीर म्हणाले, "वैनी, देवीची उलटतपासणी करताव काय?" पण मी हटले नाही. गुरव यांचा बालमित्र, एका पाटीवर शिकलेले दोघे. कळी सैल लावायला कितीसा वेळ लागतो? परत लावली. परत डावी. मी देवीवरसुद्धा संशय घेतला, हे मी आज लिहून ठेवते, तिने बघून घ्यावं.

तेव्हा हे म्हणाले, "पुरे. देवी खरं सांगते. बाई नाय. मी पत्ते खेळतो. मोबाईलवर."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही आणि मग अख्खं देऊळ हसायला लागलं. दिरांनी यांच्या पाठीत धपका मारला. "आरं, पत्तेच ना! गणपतीत आख्खी वाडी खेळते. वैनींनी तर माजा जीवच घेतलान." म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. नारळ फुटला, खोबरं वाटलं, माणसं सुटल्यासारखी घराकडे निघाली. आमच्याकडे पत्ते म्हणजे गणपतीचं जागरण, आरतीनंतरचा विरंगुळा. त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. बाई निघाली असती तर त्यांनी यांना वाळीत टाकलं असतं. पत्ते निघाले म्हणून प्रसाद दिला.

सगळे हसले, मी हसले नाही. देवळाच्या पायरीवर यांच्याशेजारी बसून मी विचारलं, "बाग कुठे गेली?"

यांनी अंगठा लावून फोन उघडला आणि माझ्या हातात दिला. हिरव्या पटावर पत्ते मांडलेले, वर सोनेरी मुकुट आणि त्याखाली यांचं नाव. "त्यातच," हे म्हणाले.

मग हळूहळू बाहेर आलं. बोटीवर हे रमीत कोणाला हार जायचे नाहीत. तिथे काड्यापेटीतल्या काड्यांवर डाव चालायचा. मोबाईलवरही पहिले काही दिवस हे जिंकतच गेले. मग हरायला लागले. गेलेलं परत आणायचं म्हणून खेळले, आणि गेलेलं वाढत गेलं. जास्त खेळणाऱ्यांना कंपनी सोनेरी सभासद करते आणि मग त्यांची काळजी घ्यायला एक मुलगी नेमून देते. तीच ती जेवलात का विचारणारी. मी विचारलं, "ती फोन कधी करायची?"

"हरलो की," हे म्हणाले. "नायतर दोन-चार दिवस खेळलो नाय की."

"आणि जिंकलात की?"

यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "जिंकलो की नाय आला कधी." हे त्यांच्या ध्यानात त्या पायरीवर पहिल्यांदा आलं. त्यांचा चेहरा असा उतरला की माझा राग जागच्या जागी बसला. सारंग म्हणून ज्याने वादळात माणसं सांभाळली, त्याला कोणीतरी गळाला लावून इतके महिने हळूहळू ओढत होतं. मला रडू आलं. मी रडले, सरळ देवळाच्या पायरीवर.

गणपतीतला पत्त्यांचा डाव ज्याच्या ओटीवर बसतो, तो घरवाला सगळ्यांवर लक्ष ठेवून असतो. एखादा पेटला, बायकोच्या बांगडीपर्यंत आला, की घरवाला चटई गुंडाळतो आणि म्हणतो, चला, चहा घ्या, झोपा. कोणी त्याला परवाना दिलेला नसतो. पण त्याला उद्या त्याच माणसाच्या बायकोच्या डोळ्याला डोळा द्यायचा असतो. या कंपनीला कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता. उलट पेटलेला माणूस कोण, ते बघून तिथेच ती लाकडं घालत होती. मला एक झोपेची गोळी विकायची तर परवाना, वही, इन्स्पेक्टर. मग जो धंदा माणसाची झोपच विकतो त्याला विचारणारं कोण, हा माझा साधा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. पडवीत यांच्याशेजारी बसले आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. ठरल्यासारखा वाजला, मी स्पीकर चालू केला.

"काका, जेवलात का?" गोड आवाज. तरुण.

"काका नाहीत, काकी बोलतेय," मी म्हटलं. "काकांचं खातं बंद करायचं आहे."

आवाजातला गोडवा जराही हलला नाही. "नमस्कार मॅडम. आपल्याला आमच्या सेवेबद्दल काही तक्रार आहे का? काकांसाठी आज आम्ही खास बोनस दिलेला आहे, तो वाया जाईल."

"तो माणूस बाग विकायला निघालाय. हे तुला माहीत आहे?"

"मॅडम, आम्ही स्क्रीनवर स्पष्ट लिहितो की जबाबदारीने खेळा."

"बाटलीवर पण लिहिलेलं असतं गो," मी म्हटलं. "मी औषधं विकते. रोज बाटली मागायला येणाऱ्याला मी हाकलते. तू त्याला घरी फोन करून विचारतेस, आज आला नाहीत, बाटली पाठवू का? आणि वर केक."

मग ती म्हणाली, "मॅडम, वायच होल्ड करा."

वायच! 'जरा' म्हणायला पुण्या-मुंबईच्या मुलीच्या तोंडी हा शब्द येत नाही. आणि शेवटच्या अक्षरावर तो आमचा हेल. मी कान टवकारले. म्हणजे कंपनीने कोकणातल्या म्हाताऱ्याला कोकणातलीच पोर लावून दिली होती. यांना ती आपली वाटली त्यात यांचा काय दोष?

"कुठची गो तू?" मी विचारलं.

पाठीमागे पुष्कळ पोरींचे आवाज येत होते, सगळ्या कोणाला ना कोणाला जेवलात का विचारत होत्या. मग ती हळूच म्हणाली, "सावर्ड्याकडची." आणि मग आणखी हळू, "काकी, काकांनाच स्वतः मेल करायला लागेल, खातं बंद करा म्हणून. मेल गेला की दुसऱ्या माणसाचा फोन येईल. त्याच्याकडे मोठा बोनस असतो. तो फोन काकांना घेऊ देऊ नका." लगेच आवाज पूर्वीसारखा गोड झाला. "आपला दिवस शुभ असो मॅडम."

आमच्या यांच्या डोळ्यांत पाणी. "बघ," हे म्हणाले, "पोर चांगली आहे."

मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, हेही शिकवलेलंच असेल. आता विश्वास बसला की पुढच्या वेळी हिचंच ऐकणार, असा काहीतरी डाव. पण मुलीला पुण्याहून बोलावून घेतलं, यांनी मेल लिहिला, पाठवला, आणि खरंच तासाभरात एका पुरुषाचा फोन आला. तो तर यांना सर म्हणत होता. आपल्यासारखे अनुभवी खेळाडू आम्हाला सोडून जातात तेव्हा वाईट वाटतं सर, परत या, आम्ही आपल्यासाठी एवढं टाकतो. मी कट केला. परत आला. परत कट केला. खातं बंद झालं तरी मेसेज येत राहिले, तुमची आठवण येते म्हणून. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी यांना जेवढ्या वेळा म्हटलं नसेल, तेवढ्या वेळा त्या कंपनीने म्हटलं.

जमीन वाचली. व्यापाऱ्याला मी स्वतः जाऊन सांगितलं की कागद होणार नाही. खंडाचे हंगाम मात्र गेले ते गेलेच, आमच्याच बागेचा आंबा आम्ही आता बाजारातून आणतो. सातबाऱ्यावर मुलीचं नाव चढवलं. यांचा तो फोन मी घेतला, माझ्याजवळ ठेवते, आणि यांना बटणांचा साधा दिला. हे आता रोज दुकानात येऊन बसतात, गोळ्यांच्या पट्ट्या कापून देतात. गिऱ्हाइकांना वाटतं, किती छान, म्हातारपणी दोघं एकत्र. मी यांना डोळ्यांसमोर ठेवलंय, हे आम्हा दोघांनाच माहीत. हे संडासात जास्त वेळ लावतात तेव्हा मी दाराशी जाऊन उभी राहते. शेजाऱ्याने यांच्या हातात सहज आपला फोन दिला, फोटो बघायला, तरी मी तो लगेच काढून घेते. हे जगणं नाही, पण करायचं काय?

पुढे कायदा आला आणि पैशाचे असले खेळ बंद झाले. टीव्हीवर ऐकलं तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं, मी देवीला हात जोडले. मेसेज थांबले. मला वाटलं, सुटलो. पण माझ्यासारखीचं सुटणं ते किती, दोन दिवसांनी मनात आलं की बंद म्हणजे कुठे बंद? समोरचं दुकान बंद झालं की मागच्या दाराने माल मिळतोच. तसे मेसेज पुन्हा यायलाही लागले, परदेशातले नंबर, इंग्रजीत मुकुट आणि पत्ते. मी पुसून टाकते.

गेल्या आठवड्यात दुकानात गर्दी कमी होती. हे मागे खोके फोडत होते. ड्रॉवरमधला यांचा जुना फोन वाजला. अनोळखी नंबर.

"काकी, मी. ओळखलंत?"

ओळखलं. हेलावरून ओळखलं.

"कंपनी बंद झाली. मी घरी आलेय आता, सावर्ड्याला. सहज फोन केला. काका बरे आहेत ना? जेवणखाण नीट?"

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. आता येईल, नवी कंपनी, नवा बोनस, बाहेरदेशातली आहे, ती चालते. कंपनी बंद झाली तर आमचा नंबर हिच्याकडे राहिला कसा? ते वाक्य आलंच नाही. "बरं, ठेवते काकी," म्हणाली आणि ठेवला. ती खरंच विचारपूस करत होती की चाचपून बघत होती, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आज हे लिहितानाही कळत नाही. मी नंबर ब्लॉक केला.

वळून बघितलं तर हे मागच्या दारात उभे होते. हातात रिकामा खोका.

"चुकीचा नंबर," मी म्हटलं.

यांनी खोका खाली ठेवला. "तीच ना?" ते म्हणाले. "काय विचारत होती?"

खोटं पुढे नेता आलं नाही मला. "बरे आहात का, जेवणखाण नीट आहे का."

"मग सांगायचंस की, जेवलो म्हणून." त्यांचा आवाज मऊ झाला होता, पडवीत असायचा तसा. त्यांनी हात पुढे केला. "दे जरा. मीच सांगतो. फक्त जेवलो एवढंच सांगतो आणि ठेवतो."

मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.